स्फोटक द्रव्यांचा प्रवास

स्फोटक द्रव्य हा शब्द कानी पडला की शहरातील सुखवस्तू माणसाच्या डोळ्यांपुढे रणांगण तरी उभे राहते, नाही तर एखादा घातपात. वस्तुतः आपल्या देशात या द्रव्यांचा फार मोठा भाग खाणीत, धरणाच्या पायात, रस्त्याच्या कटाईत आणि विहिरीच्या तळाशी खर्ची पडतो. नंदुरबार जिल्ह्याचेच पाहा ना. तापीकाठची काळी, कसदार जमीन वरून कितीही मऊ दिसली, तरी तिच्या पोटात काळा कातळ बसलेला आहे. पहार आणि कुदळ जेथे हात टेकतात तेथे सुरुंगाला पाचारण करावे लागते. खडकात भोके पाडावयाची, त्यांत कांड्या ठासावयाच्या, टोपी बसवावयाची, आणि सर्व मंडळींनी दूर पळून आडोसा धरावयाचा. हा प्रकार खानदेशातील शेतकऱ्याला नवा नाही. कांडीतील द्रव्य कालांतराने बदलले, पूर्वीच्या नायट्रोग्लिसरिनची जागा आता पाणी व तेल यांच्या घट्ट मिश्रणाने घेतली. परंतु खेड्यात तिचे नाव जिलेटिन हेच राहिले आहे. ही कांडी विहिरीत फुटते तेव्हा तिचा आवाज कोसभर जातो. फुटण्यापूर्वी ती जो शेकडो मैलांचा मुका प्रवास करून आलेली असते, त्याची वार्ता मात्र कोणाच्या कानी नसते. त्या प्रवासाचा इतिहास आज मी श्रोत्यांपुढे मांडणार आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला, आणि त्याही पूर्वी पश्चिम खानदेशात मोडणारा हा जिल्हा या विषयाला मोठा सोयीचा आहे, कारण मालाच्या तिन्ही वाटा येथे एकत्र सापडतात. तळोद्याहून धडगावाकडे चांदसैलीच्या घाटातून चढणारी वळणावळणाची सडक आहे. सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा असे करीत अमळनेरास पोहोचणारा जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग आहे. तो १९०० सालापर्यंत पुरा झाला आणि त्याने या मुलखातील कापूस मुंबई व सुरतेच्या बाजाराला जोडला. (याच मार्गावरील नवापूरच्या फलाटाचा अर्धा भाग आज महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) उत्तरेस नर्मदा आहे, आणि सरदार सरोवराचे पाणी तुंबल्यापासून तेथील कित्येक गावांना नाव हीच बैलगाडी झाली आहे. सडक, रूळ आणि पाणी. कायद्याने स्फोटकांच्या प्रवासाचा विचार केला तो प्रथम याच तीन वाटांचा.

कायदा होण्यापूर्वीही शहाणपण होतेच. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारूखान्याविषयी स्पष्ट आदेश आहेत. (दारू म्हणजे अर्थात बंदुकीची, दुसरीशी या भाषणाचा संबंध नाही.) दारूखाना राहत्या घराजवळ असू नये, त्याची इमारत बळकट असावी, दारू ओलाव्यापासून राखावी, ती ठराविक दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावी, अशी ती दृष्टी आहे. तिचे सार असे की या वस्तूला माणसांपासून दूर ठेवा आणि तिच्याकडे नित्य लक्ष द्या. परंतु किल्ल्यावरची दारू एका जागी असते. ती निघाली आणि परक्या मालाच्या शेजारी, परक्या माणसांच्या हातून, परक्या गावांतून जाऊ लागली, म्हणजे दुसराच प्रश्न उभा राहतो: तिच्याजवळून जाणाऱ्याला ती कोण आहे हे ठाऊक आहे काय?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात फार उग्र झाला, त्याला कारण नायट्रोग्लिसरिन. काळ्या दारूला निदान ठिणगी तरी लागत असे. या तेलकट द्रवाला एक धक्का पुरे होई. १८६६ च्या एप्रिलमध्ये, दोन आठवड्यांच्या आत, त्याने जगाला दोन हादरे दिले. पनामाच्या संयोगभूमीवरील बंदरात युरोपियन नावाची आगबोट उडाली, आणि सॅन फ्रान्सिस्कोत एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत आलेली गळकी पेटी उघडू जाता ती इमारतच उद्ध्वस्त झाली. पेटी उघडणाऱ्यांना आत काय आहे याची कल्पना नव्हती. आल्फ्रेड नोबेलने पुढच्याच वर्षी हा द्रव सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट केले. डायनामाइट हा बळाचा शोध म्हणून आपण ओळखतो. माझ्या मते तो वाहतुकीचा शोध होता. द्रवाचे बळ मातीने वाढले नाही. तो प्रवासायोग्य झाला, एवढेच.

आता लंडनकडे वळू. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे रीजंट्स कालव्यातून मालाच्या नावांची एक रांग ओढली जात होती. त्यांतील टिलबरी नावाच्या नावेवर सुमारे ५ टन बंदुकीची दारू होती, आणि तिच्या शेजारीच, त्याच नावेत, पेट्रोलियमची पिंपे होती. शिवाय साखर वगैरे किराणाही होता. मॅकल्सफील्ड पुलाखाली येताच ती नाव उडाली. नावेवरील तिघे मेले, पूल नाहीसा झाला, आसपासच्या घरांची तावदाने फुटली. पुलामुळे स्फोटाचा मारा बराच अडला, म्हणून लंडनवर याहून मोठा प्रसंग ओढवला नाही. दुसऱ्याच वर्षी, १८७५ साली, ब्रिटिश पार्लमेंटने स्फोटक द्रव्यांचा व्यापक कायदा केला. त्याच्या घडणीत कर्नल माजेंडी या निरीक्षकाचा हात मोठा होता. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८४ चा चौथा कायदा झाला आणि १ जुलै १८८७ पासून अंमलात आला. पुष्कळ दुरुस्त्या होऊन तो आजही चालू आहे. स्फोटकांचे निर्माण, साठा, विक्री, वाहतूक व आयात यांवर नियम करण्याचा अधिकार सरकारला त्याच कायद्याने दिला. १८९८ पासून त्यासाठी स्वतंत्र निरीक्षण खाते आहे, आणि त्याचे आजचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

या कायद्याखालील नियम वाचावयास बसले तर डोळ्यांवर झापड येते; परवाने, नमुने, परिशिष्टे यांचे ते जंगल आहे. परंतु टिलबरीची नाव मनात ठेवून वाचले, म्हणजे दोन मागण्या त्यांतून स्पष्ट ऐकू येतात. पहिली, या मालाने आपले नाव लपवू नये. दुसरी, त्याने आपली सोबत सांभाळावी. पेटीवर ठळक अक्षरे, गाडीवर फलक, बोटीवर लाल बावटा ही पहिल्या मागणीची रूपे. (बावट्याचा राजकीय अर्थ येथे कृपा करून घेऊ नये, बंदरात तो धोक्याच्या मालाचा बावटा आहे.) स्फोटकांबरोबर तेल, आगकाड्या, आम्ले, पेट घेणारा कोणताही माल नको, टोप्या आणि कांड्या एकत्र नकोत, ही दुसरीची. बाकीचे बहुतेक नियम या दोहोंचा संसार आहे.

रेल्वेने हे सारे लवकर उचलले. १८९० च्या रेल्वे कायद्यातील ५९ व्या कलमाने धोक्याचा माल नेण्याचा हट्ट धरण्याचा हक्क कोणालाही ठेवला नाही, आणि तो स्टेशनमास्तरास न कळविता बरोबर नेण्यास बंदी केली. पुढे धोक्याच्या मालासाठी रेड टॅरिफ नावाची स्वतंत्र पोथीच रेल्वेने छापली. कोळशाच्या इंजिनाच्या काळात स्फोटकांचा डबा इंजिनाला लागून कधीच जोडीत नसत. मध्ये निरुपद्रवी मालाचे काही डबे घालीत, कारण ठिणग्या उडत त्या इंजिनाच्या धुराड्यातून. ताप्तीच्या मार्गावरून जाणाऱ्या मालगाडीत तर कापूस हा नित्याचा प्रवासी होता. कापसाची गासडी वरून थंड दिसते आणि आत धुमसत राहते. एकदा विस्तव शिरला की तो दाबलेल्या थरांतून पोखरत जातो, आणि पाणी वरून ओतले तरी आत पोहोचत नाही. जिनिंगच्या गावात वाढलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. कापूस व स्फोटके यांची सोबत का नको, याचे याहून सोपे उत्तर नाही.

आणि तरीसुद्धा ती सोबत घडली; आडगावच्या स्टेशनात नव्हे, तर मुंबईच्या गोदीत, जाणत्या अधिकाऱ्यांच्या संमतीने.

फोर्ट स्टिकिन ही सात हजार टनांवरची आगबोट कॅनडात १९४२ साली बांधलेली. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ती इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, विमाने होती, आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा होत्या. वाटेत कराचीस काही माल उतरला. रिकाम्या झालेल्या जागेत सुमारे ८,७०० कापसाच्या गासड्या, लाकूड, तेलाची पिंपे, भंगार लोखंड असा माल भरण्यात आला. युद्धाचे दिवस, जहाजांचा तुटवडा. रिकामी जागा ही त्या काळी चैन समजली जाई. बोटीच्या दोन नंबरच्या खणात कापूस आणि स्फोटके एकमेकांवर रचली गेली. टिलबरीच्या नावेची ही आवृत्ती दोनशे ऐंशी पटींनी मोठी होती.

१२ एप्रिलला बोट मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबरच्या धक्क्याला लागली. शांततेच्या काळात असला माल घेऊन येणारी बोट गोदीत घेण्याची रीत नव्हती. ती दूर नांगरावयाची आणि माल पडावांतून उतरवावयाचा. युद्धात या रीतीला मुरड घालण्यात आली होती. लाल बावटाही बोटीवर नव्हता. आत येऊनही स्फोटके तत्काळ उतरली नाहीत, कारण सर्वांत नाजूक माल ज्या पडावांत थेट घ्यावयाचा ते पडाव वेळेवर आले नाहीत. असे दोन दिवस गेले. १४ एप्रिलच्या दुपारी शेजारच्या बोटींवरील लोकांना फोर्ट स्टिकिनमधून धूर निघताना दिसला. पण तो पाहून कोणी हाकाटी केली नाही. बावटा असता तर केली असती काय? मला वाटते, केली असती. धूर आणि लाल बावटा ही दोन्ही एकदम पाहणारा खलाशी स्वस्थ बसत नाही.

पावणेदोनच्या सुमारास बोटीवर आग जाहीर झाली. स्फोटकांच्या बोटीवर आग आहे, हे अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यास कळविण्यासाठी ठराविक सांकेतिक निरोप होता. तो देण्यास माणूस धावला, तर जवळच्या टेलिफोनला डायलच नव्हती. त्याने आगीच्या सूचनेची काच फोडली. ठाण्यावर ती साधी वर्दी म्हणून पोचली आणि साध्या वर्दीला साजेशी दोन पंपांची मदत निघाली. नाव न सांगण्याची किंमत ही अशी असते.

पुढील दोन तासांची हकीकत वाचताना मन विषण्ण होते. दारूगोळा खात्याच्या कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहून सांगितले की, ही बोट उडाली तर सारी गोदी जाईल, बोट बुडवा. कोणी म्हणाले, बोट बाहेर समुद्रात काढा. कोणी म्हणाले, येथेच पाणी मारून आग विझवू. गोदीचे पाणी बोट बुडविण्याइतके खोल नव्हते, असाही मुद्दा निघाला. प्रत्येकजण आपल्या खात्यापुरता खरा होता. परंतु सर्वांना आज्ञा देऊ शकेल असा एकही माणूस त्या धक्क्यावर नव्हता. चौकशी मंडळाने पुढे जे दोष काढले त्यांत हा ठळक आहे. आगीचे मूळ म्हणून मंडळाने निष्काळजीपणे टाकलेली पेटती विडी वा सिगारेट हे कारण ग्राह्य मानले. सुमारे ९०० टन पाणी बोटीत ओतले गेले. ते आत उकळू लागले, तरी कापूस आतून धुमसतच राहिला. ३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा.

शेजारी उभी असलेली जलपद्म नावाची सुमारे ४,००० टनांची बोट पाण्यातून उचलली गेली आणि तिचा मागचा भाग धक्क्यावर येऊन पडला. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या धक्क्याची नोंद झाली. जळत्या कापसाचे लोळ गोदीबाहेरच्या वस्तीवर, वखारींवर, गिरगावाच्या बाजूपर्यंत पाऊस पडावा तसे पडले. एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून २८ रत्तलांची सोन्याची वीट आत आली. ती त्यांनी परत केली. गोदीतील गाळातून अशा विटा त्यानंतर अनेक वर्षे, थेट २०११ पर्यंत, निघत राहिल्या. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा दिला जातो. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. आग आटोक्यात यावयास तीन दिवस लागले, आणि सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबली. अग्निशामक दलाचे ६६ जवान तेथेच गेले. बोट सोडण्याचा हुकूम झाल्यावरही त्यांच्या हातातील नळ्या सुटल्या नव्हत्या.

आकाशवाणीच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट येथे नमूद करणे उचित होईल. मुंबईकरांनी जे डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले, ते जगाला प्रथम सांगितले जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने, दुसऱ्या दिवशी. सरकारी बंधनामुळे आपल्याकडील वृत्तांत मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत दडून राहिला. बोटीने आपला माल लपविला. मग बोटीची राखही लपविण्यात आली.

युद्धाच्या घाईत ही सवलत घेण्याचा मोह मुंबईपुरता नव्हता. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात माँ ब्लाँ नावाची फ्रेंच बोट दुसऱ्या बोटीवर आदळून उडाली आणि सुमारे १,८०० माणसे मेली. तिच्या पोटात पिक्रिक ॲसिड, टीएनटी व गनकॉटन होते आणि डेकवर बेंझॉलची पिंपे. लाल बावटा तिनेही लावला नव्हता. शत्रूच्या पाणबुड्यांना ओळख पटू नये म्हणून. ते कारण समजण्यासारखे आहे. परंतु बंदरातील लोक जळती बोट पाहण्यास खिडक्यांशी उभे राहिले, ते त्या अज्ञानामुळेच. शत्रूपासून लपविलेली गोष्ट आपल्या माणसांपासूनही लपते, आणि त्या दिवशी हॅलिफॅक्समध्ये अनेकांचे डोळे तावदानांच्या काचांनी गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने या मागण्यांना एक समान भाषा दिली. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या, १९६५ साली सागरी वाहतुकीची संहिता आली. स्फोटके हा त्यांतील पहिला वर्ग. कोपऱ्यावर उभा केलेला नारिंगी चौकोन, त्यात फुटणाऱ्या गोळ्याचे चित्र, खाली १ चा आकडा आणि एक अक्षर. ते अक्षर बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण महत्त्व त्याचेच: कोणते स्फोटक कोणत्या स्फोटकाशेजारी बसू शकते हे ते सांगते. लाल बावटा आणि सोबतीचा नियम असे एका चित्रात आले. भाषा न कळणाऱ्या हमालालाही ते वाचता येते.

आपल्याकडे आज २००८ चे स्फोटक नियम लागू आहेत. अमोनियम नायट्रेट हे खताच्या नावाखाली सर्रास फिरत असे. त्यासाठी २०१२ साली स्वतंत्र नियम झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२० रोजी, बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले, तेव्हा त्या नियमांची निकड निराळी पटवून देण्याची गरज राहिली नाही. रेल्वेचा नवा कायदा १९८९ चा. त्याच्या १६४ व्या कलमाखाली धोक्याचा माल बेकायदा रेल्वेत आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिवाळीत मामाच्या गावी निघालेली मुले फटाक्यांची पिशवी बाकाखाली सरकवतात आणि वडील मंडळी ती पाहून न पाहिल्यासारखे करतात. तो माल याच कलमात येतो.

सडकेने जाणाऱ्या स्फोटकांना परवाना असलेलीच गाडी लागते. मालाचा चढउतार सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत करावयाचा, हा सर्वसाधारण दंडक. गाडीत व गाडीजवळ धूम्रपान वर्ज्य, आगपेटी वर्ज्य. गाडी बेवारस सोडून चालकाने चहाला जाणे वर्ज्य, आणि टोप्यांची पेटी कांड्यांपासून निराळी. अल्पवयी मुलाच्या किंवा नशेतील माणसाच्या हाती हा माल द्यावयाचा नाही. कारखान्यापासून तालुक्याच्या परवानाधारक कोठारापर्यंत हे सर्व बहुधा पाळले जाते, कारण तेथे कागद असतो, तपासणी असते. भीती असते ती शेवटच्या दहाबारा मैलांची. कोठारातून विहिरीपर्यंत, मोटारसायकलच्या मागील बैठकीवर, एकाच थैलीत कांड्या आणि टोप्या, आणि पुढे बसलेल्याच्या ओठात विडी. असा प्रवास नियमांच्या कोणत्याही परिशिष्टात नाही आणि तो कोणत्याही बोटीहून कमी धोक्याचा नाही. त्या थैलीवर नारिंगी चौकोन नसतो. घाटातील बसमध्ये ती थैली शेजारी ठेवून बसलेल्या माणसाच्या सहप्रवाशाला फोर्ट स्टिकिनच्या शेजारील बोटीवरच्या खलाशाइतकीच माहिती असते.

१४ एप्रिल हा दिवस त्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि तेथून सुरू होणारा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून साजरा होतो. नंदुरबारकडे ते दिवस भर उन्हाळ्याचे. विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते, मृगापूर्वी आणखी दोन परस खोल जावयाचे असते, आणि सुरुंगाच्या कामाला तेव्हाच जोर असतो.